डॅटसन २४० झी : एका जपानी गाडीचा परदेशातला संसार

संपादकांनी या अंकासाठी मजकडे इतिहासावरचा लेख मागितला, तोही "शिवकाल आणि पेशवाई सोडून, कारण त्यावर आधीच तिघांनी लिहिले आहे" या अटीवर. मी पडलो रसायनशास्त्राचा माणूस. मला इतिहास थोडाफार ठाऊक आहे तो एका गाडीचा, आणि तोही तिच्याखाली उताणे पडून पत्रा खरवडताना जमलेला. तेव्हा वाचकांनी गोड मानून घ्यावे.

गणपतीच्या दिवशी आपल्या हॉलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारली तर निम्म्याहून अधिक गाड्या जपानी दिसतात. आपल्यापैकी बहुतेकांनी या देशात आल्यावर घेतलेली पहिली गाडी सेकंडहँड जपानीच होती. "जपानी घ्या, त्रास देणार नाही" हा सल्ला आपण नव्याने आलेल्या प्रत्येकाला देतो. पण अमेरिकेत हा लौकिक काही जन्मजात नव्हता. टोयोटाने १९५७ साली आपली टोयोपेट क्राऊन इथे आणली. जपानच्या रस्त्यांसाठी घडवलेली ती जड, अशक्त गाडी इथल्या फ्रीवेवर धापा टाकू लागली, इंजिन तापू लागले आणि काही वर्षांतच टोयोटाला ती परत न्यावी लागली. १९५८ च्या लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात निस्सानने आपली छोटी डॅटसन मांडली, तिचीही गत फार वेगळी नव्हती. 'जपानी माल' म्हणजे स्वस्त आणि तकलादू, हे समीकरण तेव्हा पक्के होते.

इथे थोडे मागे जाऊन आपल्या घरचाच एक धागा जोडतो. निस्सान गाडी करायला शिकली ती इंग्रजांकडून. १९५२ च्या अखेरीस तिने ऑस्टिन कंपनीशी करार केला. आधी ऑस्टिन ए-४० आणि १९५५ पासून ए-५० या गाड्या जपानमध्ये तयार होऊ लागल्या. त्या ए-५० चे इंजिन होते १४८९ सीसीचे. हा आकडा ओळखीचा वाटला ना? आपल्या पेट्रोलवरच्या अँबॅसडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन होते. एकाच गुरूचे दोन शिष्य म्हणा. निस्सानने करार संपेपर्यंत ते इंजिन आतून-बाहेरून समजून घेतले, त्यावर बेतून स्वतःचे छोटे इंजिन काढले, मग ते सोडून पुढचे, असे करत दहा वर्षांत ती गुरूलाच गिऱ्हाईक मिळेनासे करू लागली. आपल्याकडे परवान्यांचे राज्य होते. अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट यांसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. गिऱ्हाईक दाराशी ताटकळत असताना माल सुधारण्याची घाई कोणाला असणार? आपले इंजिनियर जपान्यांपेक्षा कमी हुशार होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना कोणी हरायची भीतीच घातली नाही.

निस्सानने अमेरिकेत हरू नये म्हणून ज्याला पाठवले तो माणूस युताका काटायामा. जन्म १९०९ चा. १९५८ साली ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या खडतर स्पर्धेत डॅटसनचा संघ त्यांनी नेला आणि गटात विजय मिळवून आणला. पण कंपनीच्या वरिष्ठांशी त्यांचे सूत फारसे जुळत नव्हते, आणि १९६० मध्ये त्यांची अमेरिकेला झालेली रवानगी ही बढतीपेक्षा 'बरे झाले, नजरेआड गेले' अशा प्रकारची होती असे बहुतेक जाणकार मानतात. काटायामांनी मात्र ती वनवास समजली नाही. ते पश्चिम किनाऱ्यावर गाडीने फिरले, लहान-लहान विक्रेत्यांना भेटले, त्यांच्याशी हातमिळवणी केली, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या आणि तोक्योला पत्रांवर पत्रे धाडली की इंजिन मोठे करा, हीटर नीट करा, ब्रेक सुधारा. इथले लोक त्यांना 'मिस्टर के' म्हणू लागले. (आपल्या आडनावांचे ऑफिसात काय होते ते आपण जाणतोच. चार अक्षरांचे एक होऊन येते.) १९६५ मध्ये ते निस्सानच्या अमेरिकी शाखेचे अध्यक्ष झाले. १९६८ च्या सुमारास आलेल्या डॅटसन ५१० ने पहिल्यांदा लोकांचे लक्ष वेधले, आणि मग आली आपली नायिका.

ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये ती 'फेअरलेडी झी' या नावाने जाहीर झाली. हे नाव, अशी कथा आहे, निस्सानचे अध्यक्ष काट्सुजी कावामाता यांना 'माय फेअर लेडी' ही संगीतिका फार आवडली म्हणून आधीच्या एका गाडीला मिळाले होते आणि तेच पुढे चालत आले. काटायामांच्या लक्षात आले की स्पोर्ट्स कार घ्यायला येणारा अमेरिकन तरुण 'फेअरलेडी' नावाच्या गाडीत बसून मित्रांसमोर जायचा नाही. अमेरिकेत येणाऱ्या गाड्यांवरची ती अक्षरे त्यांनी काढायला लावली आणि त्या जागी कंपनीच्या कागदोपत्री असलेले साधे '२४० झी' हे नाव बसवले. २४० म्हणजे २.४ लिटर, बस्स. परदेशात येऊन नाव बदलणारी ही काही पहिली व्यक्ती नव्हे. पण घरच्या नावाची लाज वाटून बदललेले नाव आणि समोरच्याची जीभ अडखळू नये म्हणून घेतलेले नाव यांत फरक असतो, आणि मला तरी काटायामांचे दुसऱ्या प्रकारातले वाटते. जपानमध्ये ही गाडी शेवटपर्यंत फेअरलेडीच राहिली.

गाडीत होते काय? सरळ रांगेत सहा सिलिंडर, २३९३ सीसी, माथ्यावर एक कॅमशाफ्ट, दोन कार्बोरेटर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक, वजन जेमतेम टनाच्या वर. त्या काळच्या मोजणीने १५१ अश्वशक्ती. किंमत ३५२६ डॉलर. जॅग्वारची ई-टाईप किंवा पोर्शची ९११ घ्यायची तर याहून कितीतरी जास्त मोजावे लागत. आणि ती इंग्रजी गाड्यांसारखी पावसाळ्यात रुसत नसे. पहिल्या दिवसापासून मागणी इतकी झाली की लोक सहा-सहा महिने थांबत आणि विक्रेते छापील किमतीच्या वर पैसे मागत. म्हणजे जे आपण घरी फियाटसाठी भोगत होतो तेच हे लोक हौसेने भोगत होते.

गाडीचा घाट कोणी घडवला यावर पुढे बराच वाद झाला. आल्ब्रेख्ट गोएर्ट्झ हे जर्मन वंशाचे नामवंत डिझायनर साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात निस्सानचे सल्लागार होते, आणि कित्येक वर्षे पुस्तकांतून श्रेय त्यांच्या पदरात पडत राहिले. प्रत्यक्षात हे काम निस्सानच्या स्पोर्ट्स कार विभागाचे तरुण प्रमुख योशिहिको मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. गोएर्ट्झ तोवर कंपनी सोडून गेलेले होते. सुंदर वस्तू दिसली की तिच्यामागे कोणी युरोपियन असणार, असे गृहीत धरायची खोड जुनी आहे. मात्सुओ २०२० मध्ये वारले, तोवर सुदैवाने त्यांचे नाव जागच्या जागी आले होते.

स्पर्धांतही ही गाडी उतरली. अमेरिकेत पीटर ब्रॉक यांच्या संघातून जॉन मॉर्टन यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पण मला जास्त मोलाची वाटते ती पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली. केनियाच्या आसपासचे धुळीचे, चिखलाचे हजारो किलोमीटर. १९७१ मध्ये २४० झी पहिली आली (चालक एडगर हेरमान) आणि दुसरीही २४० झीच आली. त्या दुसऱ्या गाडीच्या चाकामागे होता शेखर मेहता. भारतीय वंशाचा, युगांडात जन्मलेला, बागायतदार घराण्यातला तरुण. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले तेव्हा हजारो कुटुंबांप्रमाणे मेहतांनाही युगांडा सोडावा लागला. ते केनियात आले. आणि १९७३ च्या सफारीत, घर सुटल्याला वर्षही झाले नसताना, मेहता आणि त्यांचे सहकारी लॉफ्टी ड्रूज २४० झी घेऊन जिंकले. जिंकले तेही कसे? स्वीडनच्या हॅरी केलस्ट्रोमच्या डॅटसनशी दंडगुण अगदी बरोबरीत सुटले, तेव्हा शर्यतीत जास्त काळ निष्कलंक कोण राहिला हे पाहून निकाल मेहतांच्या बाजूने लागला. पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे त्यांनी पुन्हा सफारी जिंकली, तीही डॅटसनमधूनच. ते २००६ मध्ये लंडनला वारले. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात, हे नावही कोणी तरी सांगायला हवे.

यानंतरची काही वर्षे मी भरभर उरकतो, कारण ती गाडीच्या दृष्टीने उताराची आहेत. धुराचे नियम कडक झाले. १९७३ च्या गाड्यांवर चपट्या माथ्याचे नवे कार्बोरेटर आले, जे गरम दिवसांत इतका त्रास देत की मालक ते काढून आधीच्या वर्षांचे गोल माथ्याचे बसवत, आजही बसवतात. धक्के सोसणारे जाड बंपर आले, वजन वाढले. १९७४ ला २६० झी, १९७५ ला फ्युएल इंजेक्शनवाली २८० झी, आणि १९७८ ला हे पहिले घराणे संपले. तोवर जगभर पाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या. काटायामांना १९७७ मध्ये निवृत्त करून जपानला परत नेण्यात आले. १९८१ मध्ये निस्सानने 'डॅटसन' हे नावच टाकायचे ठरवले. काही वर्षांनी, २०१३ मध्ये, ते दिल्लीत एका स्वस्त छोट्या गाडीसाठी पुन्हा बाहेर काढले आणि २०२२ मध्ये परत गुंडाळले, ही तळटीप.

पण एक गोष्ट भरभर उरकता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटमध्ये कारखाने बंद पडत होते आणि त्याचे खापर जपानी गाड्यांवर फुटत होते. युनियनच्या पार्किंगमध्ये परदेशी गाड्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या. भर चौकात जपानी गाडी उभी करून घणाने फोडण्याचे कार्यक्रम झाले. जून १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या चिनी वंशाच्या ड्राफ्ट्समनला मोटार उद्योगातल्या दोघा गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने मारले. चार दिवसांनी तो गेला. लग्न काही दिवसांवर होते. मारणाऱ्यांना झाली शिक्षा म्हणजे तीन वर्षे प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. तुरुंग नाही. चिन जपानी नव्हता. चेहरा पाहून हिशेब झाला. आपण 'जपानी घ्या' म्हणतो तेव्हा त्या साध्या सल्ल्यामागे हा काळही आहे, तो आपल्याहून आधी आलेल्या पिढीने पाहिलेला आहे.

याच काळात जुन्या झी गाड्यांचे हाल झाले. त्या आता फक्त वीस-बावीसशे डॉलरच्या नव्हे तर दोन-चारशे डॉलरच्या जुन्या गाड्या होत्या. कॉलेजच्या पोरांनी पळवल्या, कोणी आत अमेरिकन व्ही-८ इंजिन कोंबले, बहुतेक हिवाळ्यातल्या मिठाने खाल्ल्या. घरच्या घरी दुरुस्त करून त्या वाचवण्याची परंपरा इथूनच सुरू होते, आणि ती श्रीमंतांची नव्हे. ज्यांना ही गाडी तरुणपणी परवडली नव्हती त्यांनी ती मोडीत निघताना उचलली. १९९६ मध्ये अमेरिकेतली झीची विक्री थांबल्यावर नावाची आठवण राहावी म्हणून खुद्द निस्साननेच १९९७ च्या सुमारास एक उपक्रम काढला, जुन्या २४० झी विकत घ्यायच्या, नव्यासारख्या करायच्या आणि निवडक विक्रेत्यांकडून सुमारे पंचवीस हजार डॉलरना विकायच्या. पण काम हाती घेतल्यावर कंपनीला जे कळले ते गॅरेजवाल्यांना आधीच ठाऊक होते. इतक्या पैशांत हे बसत नाही. चाळीसही गाड्या झाल्या नाहीत आणि उपक्रम थांबला. कारण एका शब्दात सांगतो : गंज.

आता माझ्या विषयावर आलो.

त्या वेळच्या जपानी पत्र्यावर आजच्यासारखे जस्ताचे कवच नव्हते आणि पोकळ जागांत रंग नीट पोचत नसे. म्हणून २४० झी पाहायला गेलात तर रंगाच्या चकाकीकडे पाहू नका. आधी बॅटरीच्या खालचा ट्रे पाहा. तिथे आम्लाचे थेंब पडून पत्रा चाळणी झालेला असतो आणि तेच पाणी खाली झिरपून चॅसीच्या दांड्यात जाते. मग पायाखालचे पत्रे, दाराखालची उंबरपट्टी, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा, स्टेपनीची खोली. बोटाने टकटक करा. पत्रा खणखणीत वाजला पाहिजे. 'डब्ब' असा आवाज आला तर आत लांबी भरलेली आहे. लोहचुंबक घेऊन गेलात तर आणखी बरे, लांबीला तो चिकटत नाही.

गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांचा संयोग एवढे आपण शाळेत शिकलो. महत्त्वाचे हे की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून कितीतरी जास्त होते, म्हणून तो रंग फोडून वर येतो आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरून त्यांना फाकवतो. आणि तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. रस्त्यावरचे मीठ या पाण्याला वीज वाहू देते, की झालाच छोटा विद्युतघट तयार. यावरून उपायही कळतो. वरून रंग फासणे हा उपाय नव्हे. ओल बंद झाली पाहिजे, आणि आधी सैल गंज निघाला पाहिजे.

सुट्या भागांसाठी घरी करण्याजोगी सर्वांत सुरेख रीत विजेची. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, गॅलनला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा धन टोकाला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. रात्रभरात गंज काळा आणि मऊ होतो, ब्रशने निघतो, आणि खालचे चांगले लोखंड जराही झिजत नाही. आम्लात हे साधत नाही, आम्ल चांगले लोखंडही खाते. तीन गोष्टी मात्र दगडावरची रेघ समजा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातल्या क्रोमियमचे अत्यंत विषारी संयुग पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन निघतो. आणि बादली उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. आधी चार्जर बंद, मग चिमटे काढायचे. स्प्रिंगा आणि फार कठीण पोलादाचे बोल्ट या बादलीत घालू नयेत, हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होऊ शकते.

जो भाग काढता येत नाही त्याला बाजारात मिळणारे 'रस्ट कन्व्हर्टर' लावतात. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असते, किंवा टॅनिक आम्ल. दुसऱ्याची गंमत अशी की आपला हिरडा टॅनिनने भरलेला आहे. हिरडा आणि हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, यांचा पक्का काळा रंग आपल्याकडच्या रंगाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होता. गाडीच्या पत्र्यावर तांबड्याचे काळे होते ते रसायन तेच. पितळेच्या समया आपण चिंचेने उजळतो त्यातले टार्टारिक आम्लही धातूचे अणू असेच धरून उचलून नेते. मात्र हे कन्व्हर्टर पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर चालते. पत्र्याला भोक पडले असेल तर ते कापून नवा तुकडाच जोडावा लागतो, त्याला कुठलीही बाटली नाही.

वेल्डिंगवरून एक इशारा, आणि हा मी गंभीरपणे देतो. काही ब्रेक क्लीनरच्या डब्यांत क्लोरीन असलेले द्रावक असते. त्याने पुसलेला भाग ओला असताना वेल्डिंग केले तर फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. भोपाळच्या कारखान्यात जे विष बनत होते त्याचा हा कच्चा माल. डब्यावरचे बारीक अक्षर वाचा आणि वेल्डिंगच्या जवळ असला डबा आणूच नका. तसेच त्या काळच्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, जुन्या रंगात आणि सांध्यांत शिसे. हवेच्या झोताने धूळ उडवू नका, कोरडे घासू नका. ओले करून पुसा, आणि ते कपडे घरातल्या धुण्यात टाकू नका.

इंजिनाच्या बाबतीत ज्याने लहानपणी वडिलांना रविवारी सकाळी फियाटचे पॉइंट घासताना पाहिले आहे त्याला घाबरायचे कारण नाही. गाडी चालू होत नसेल तर प्रश्न दोनच : ठिणगी आहे का, पेट्रोल येते का. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढा, पॉइंटची फट पाहा, तारा पाहा. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. टॅपेटची फट गरम इंजिनावर इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. कार्बोरेटर हिताचीचे असले तरी रचना इंग्रजी एसयूची, म्हणजे पुन्हा अँबॅसडरचीच जातकुळी. आत एक दट्ट्या हवेच्या ओढीने वर उचलला जातो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट तेवढीच मोकळी करते. वरच्या नळीत थोडे तेल असते ते दट्ट्याला हिसका बसू नये म्हणून. ते संपले की गाडी वेग घेताना अडखळते आणि लोक भलतेच भाग बदलत बसतात. दोन्ही कार्बोरेटर सारखे ओढतात की नाही हे पाहायला रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्हींच्या तोंडाशी धरावे. सुस्कारा सारखा ऐकू आला पाहिजे. यंत्रे मिळतात, पण कान फुकट आहे.

गरम झालेली गाडी दहा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू होत नसेल तर बहुधा पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुने रबर त्याने फुगते आणि चिरते. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या नव्या घालणे हा पहिला खर्च समजावा. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट-३ तेल कोरडे असताना निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते, आणि उकळलेल्या तेलावर पाय दाबला की पाय फळीला टेकतो, गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ते बदला. दिव्यांचा सारा प्रवाह स्टिअरिंगवरच्या बटणातून जातो, तिथे आणि फ्यूजच्या पेटीत प्लॅस्टिक वितळलेले सापडते. मधे रिले बसवला की तो प्रश्न मिटतो.

आणि ज्यांना मुलांना घेऊन फिरायचे आहे त्यांनी रंग, चामडे, रेडिओ यांच्या आधी मागच्या दाराचे रबर आणि मागच्या दिव्यांच्या गास्किटा बदलाव्यात. या गाडीचा आकार असा आहे की चालताना मागे हवेची पोकळी होते आणि एक्झॉस्टचा धूर फटींतून आत ओढला जातो. "जुन्या गाडीला वास यायचाच" म्हणून लोक हसण्यावारी नेतात. वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा. त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, कारण तो मला विचारला जाणारच. जानेवारी २०२० मध्ये एक जपून ठेवलेली १९७० ची २४० झी लिलावात ३ लाख १० हजार डॉलरना गेली. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या कुंपणामागे सोने पडलेले आहे असे लोकांना वाटू लागले. तसे नाही. ती किंमत कोणी हात न लावलेल्या गाडीची होती. आपण जोडलेल्या गाडीत जेवढे ओतू तेवढे निघाले तरी नशीब. घेताना डॅशबोर्डवरचा क्रमांक 'एचएलएस३०' ने सुरू होतो का आणि इंजिनच्या खोलीतल्या पट्टीवरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळतो का हे पाहावे. मागच्या दारावर हवेची जाळी असेल तर गाडी जानेवारी १९७१ पर्यंतची, म्हणजे पहिल्या खेपेची असण्याचा संभव जास्त. अशा गाडीचे जुने भाग, अगदी गंजलेला बोल्टसुद्धा, फेकू नयेत, चिठ्ठी लावून डब्यात ठेवावेत.

काटायामा २०१५ च्या फेब्रुवारीत वारले, वयाच्या १०५ व्या वर्षी. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोटार क्षेत्रातल्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांचे नाव लागले, ते डेट्रॉइटच्या परिसरातच. ज्यांना जुन्या झीचे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीनंतर मला गाठावे. सोड्याची बादली चालू असते. येताना जुने कपडे घालून यावे, आणि चहा मी करतो.